तीनशेला कमी पडलेलं गाव

आमच्या गावाच्या तोंडाशी एक पाटी आहे. तिच्यावर गावाचं नाव आणि खाली 'लोकसंख्या पाचशे' असं ठसठशीत रंगवलेलं आहे. लग्न होऊन इथे आले तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं होतं, की ही मोजदाद कुणी केली. पाटी रंगवणाऱ्याने, असं उत्तर मिळालं. पाटीवर जागा शिल्लक होती आणि पाचशे हा आकडा डोळ्यांना बरा वाटतो, म्हणून. यात काही वावगं आहे असं गावात कुणालाही वाटलं नाही. उलट, शहरातून शिकून आलेली सून आल्या आल्या खुसपटं काढते, अशी माझी ख्याती झाली आणि ती पुढे कायम राहिली.

पाचशे माणसांच्या थाटात राहणारं हे गाव एका सकाळी हादरलं. वरून आदेश आला, की ज्या गावात तीनशेपेक्षा कमी माणसं राहतात ते यापुढे गाव नाही, वस्ती. वस्तीला स्वतःचं कार्यालय नाही, वस्तीला नर्स नाही, आणि वस्तीने गुपचूप टेकडीपलीकडच्या मोठ्या गावात सामील व्हायचं. प्रत्यक्ष डोकी मोजायला अधिकारी येणार होता.

गाव पेटून उठलं. नर्स जाणार म्हणून नव्हे. 'वस्ती' म्हटलं म्हणून. दोन दिवस पारावर, दुकानात, गिरणीत एकच चर्चा, की आपल्याला वस्ती म्हणणारा तो कोण.

मला मात्र त्या शब्दाशी काही घेणं नव्हतं. माझा मुलगा तेव्हा वर्षाचाही झालेला नव्हता. काही आठवड्यांपूर्वी भर दुपारी त्याला ताप चढला आणि अंगाला झटके आले. मी वनस्पतिशास्त्राची पदवीधर आहे. त्या शिक्षणाचा त्या क्षणी एवढाच उपयोग झाला, की मी झाडासारखी जागच्या जागी उभी राहिले. सासूबाईंनी त्याला माझ्या हातातून ओढून घेतलं आणि समोरच्या नर्सबाईंच्या खोलीत पळत नेलं. नर्सबाईंनी त्याला कुशीवर वळवलं, गुंड्या सोडल्या आणि मला सांगितलं, की रडायचं असेल तर बाहेर जाऊन रडा, आत जागा कमी आहे. तेव्हापासून मी खिडकीत उभी राहून त्या खोलीचं दार उघडं आहे ना, हे दिवसातून किती वेळा बघते ते कुणाला सांगत नाही. टेकडीपलीकडच्या गावाला जायला एक बस आहे. ती येते तेव्हा येते.

तेव्हा मी ठरवलं, की गावाचं गाव बघून घेईल, आपण निदान आपलं बाळ गावाच्या खात्यावर जमा करावं. एवढंसं काम. बाळ जन्मलं शहरातल्या दवाखान्यात, त्यामुळे त्याची नोंद तिथे. ती इथे आणायची, बस्स.

मी बाळाला काखेत मारून कार्यालयात गेले. आमच्या गावचे कारकून हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांना प्रश्न विचारला, की ते आधी चष्मा काढतात, म्हणजे आपण त्यांना धूसर दिसू लागतो आणि नकार देणं सोपं जातं. त्यांनी बाळाकडे बघितलं. बाळ त्यांचा शिक्का चघळत होतं.

"कागदोपत्री हा शहरात राहतो," ते म्हणाले.

कुणाबरोबर राहतो, असं मी विचारलं.

"तो तुमचा घरगुती प्रश्न आहे, वहिनी."

शहरातल्या कचेरीने सांगितलं, की बाळ गावात पोचल्याचा दाखला आणा, मग आम्ही त्याला इथून सोडू. कारकून म्हणाले, शहरातून सुटल्याचा दाखला आणा, मग आम्ही त्याला घेऊ. बाळाने आधी निघायचं की आधी पोचायचं, हा पेच दोन कचेऱ्या सोडवत होत्या तोवर ते रांगायला लागलं. माझ्या तीन फेऱ्या झाल्यावर कारकुनांनी सहज सांगितलं, की अधिकारी डोकी मोजणार आहे, कागद नाही. बाळ त्याच्यापुढे नुसतं धरलं तरी चालेल. हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. तुम्ही बाळाबद्दल विचारत होतात, मोजणीबद्दल नव्हे, म्हणाले. आणि चष्मा घातला.

काम तिथेच संपायला हवं होतं. पण माझ्या कचेरीच्या फेऱ्या गावाने पाहिल्या होत्या, आणि या गावात एखादं माणूस काही करताना दिसलं, की सगळ्यांना उरलेलं काम आठवतं. संध्याकाळी अध्यक्ष अर्धी समिती घेऊन आमच्या ओसरीवर हजर झाले. अध्यक्ष म्हणजे गावातल्या सगळ्या समित्यांचे अध्यक्ष. ते बसतात तेव्हा शेजारच्या दोन खुर्च्या आपोआप रिकाम्या होतात.

वहिनी शिकलेल्या आहेत, त्यांना सरकारी भाषा कळते, मोजणीची तयारी त्यांनीच करावी, असं त्यांनी जाहीर केलं. माझ्या नवऱ्याने मान डोलावली. तो शहरात नोकरीला जातो आणि घरी आल्यावर त्याला कशावरच मत नसतं; ते तो ऑफिसात वापरून येतो.

मग सल्ले सुरू झाले. शिंप्याने सुचवलं, की दुकानात कपडे लावायचे दोन पुतळे आहेत, ते खिडकीत बसवले तर लांबून कळत नाही. कारकून म्हणाले, परदेशात गेलेलेही मनाने इथेच असतात, ते धरावेत. शेजारच्या काकू म्हणाल्या, की माझ्या बहिणीकडची माणसं आणते, फक्त त्यांच्या चहापाण्याचं गावाने बघावं. काकू ओसरीवर असल्यामुळे सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. त्यांनी आतून चहा पाठवला, त्यात एक कप कमी होता. कुणाचा, हे सगळ्यांना कळलं. काकूंनी एकदा आमची शिडी नेली होती आणि सासूबाईंच्या मते ती परत आली तेव्हा तिची एक पायरी कमी होती. काकूंच्या मते शिडी जन्मतःच तशी होती. या गोष्टीला काही वर्षं झाली. शिडी आता मोडीत गेली, अबोला धडधाकट आहे.

मी सगळ्यांना थांबवलं आणि म्हटलं, की आधी मोजू तरी. दुसऱ्या दिवशी बाळाला पाठीशी बांधून घरोघर फिरले. काकूंकडे त्यांची मुलगी भांडी घासत होती. ती चार दिवसांसाठी माहेरी आलेली आहे, असं काकू सांगत. ते चार दिवस चालू होऊन वर्ष उलटलं होतं. गावात कुणालाही ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण एरवी एकमेकांच्या पातेल्यात काय शिजतं ते चारचौघांत सांगणारी ही माणसं याबाबतीत मात्र तोंड उघडत नसत. मीही तिला पाहुणी म्हणून सोडलं.

बेरीज आली तीनशे चार. माझ्यासकट, बाळासकट. पुतळे नकोत, बहिणीकडची माणसं नकोत, कुणालाही खोटं बोलायची गरज नाही. हे ऐकून लोक चक्क हिरमुसले. नुसतं राहून गाव वाचतं, यात त्यांना काही पराक्रम वाटेना.

अधिकारी ठरलेल्या दिवशी आला. किरकोळ बांध्याचा, सतत शिंकणारा माणूस. त्याने आल्या आल्या एक पद्धत सांगितली. बाकीच्या गावांनी सोयरेधायरे गाड्या भरभरून आणून मोजायला बसवले होते, म्हणून आता घरातल्या माणसांची खात्री शेजारच्याने द्यायची. शेजारी म्हणाला राहतो, तर राहतो. शेजारी म्हणाला नाही, तर नाही.

अध्यक्ष प्रसन्न हसले. आमच्या गावात फार एकोपा आहे, म्हणाले.

पहिलं घर शिंप्याचं. शेजारी कारकून. आता, शिंप्याने कारकुनांना एक पॅंट शिवून दिली होती, जी घोट्यांपर्यंत पोचायच्या आधीच संपत होती, आणि नेमकी तीच घालून कारकुनांचा फोटो निघाला होता. तो फोटो कार्यालयात लागलेला आहे. अधिकाऱ्याने विचारलं, शिंप्याची दोन मुलं इथे राहतात का. कारकुनांनी चष्मा काढला. राहतात असं म्हणता येणार नाही, ते म्हणाले. जेवतात आणि जातात. दोन गेले.

मग शिंप्याला कारकुनांच्या घराविषयी विचारलं. शिंप्याने टेप गळ्यात नीट केली आणि सांगितलं, की कारकुनांचा भाऊ, भावजय, त्यांची पोरं, यातलं कुणी आपण पाहिलेलं नाही. पलीकडे भावजय कपडे वाळत घालत होती. ती कोण, असं अधिकाऱ्याने विचारलं. असेल कुणी, शिंपी म्हणाला.

एकदा रस्ता सापडल्यावर गाव त्यावरून धावत सुटलं. ज्याने ज्याच्या अंगणात कचरा लोटला होता, ज्याच्या नळाचं पाणी ज्याच्या दारात आलं होतं, ज्याने ज्याच्या समारंभात ज्याला दुसऱ्या पंगतीला बसवलं होतं, ते सगळं वर आलं. माणसं भराभर नाहीशी होत होती, आणि नाहीशी झालेली माणसं दारात उभी राहून शेजाऱ्याला नाहीसं करायची वाट बघत होती. मी बाळाला घेऊन अधिकाऱ्याच्या मागून फिरत होते, डोळ्यांनी विनवत होते, माना हलवत होते. सुनेला काहीतरी होतंय, पाणी द्या, असं कुणीतरी म्हणालं.

आमच्या घराशी आलो. सासूबाईंनी उभ्या जन्मात खोटं बोललेलं नाही, असा त्यांचा लौकिक आहे आणि त्या तो जपतात. काकूंच्या घरी कोण कोण राहतं, असं अधिकाऱ्याने विचारलं.

"त्या बाईला मी ओळखत नाही," सासूबाई म्हणाल्या. "पूर्वी ओळखायचे. ती शिडी धड परत करणारी होती."

मी "अहो आई" असं पुटपुटले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मग काकूंची पाळी. काकूंनी सासूबाईंना मोजणीत धरलं, माझ्या नवऱ्यालाही धरलं. मला वाटलं, चला, एक तरी समंजस निघाली.

"सून मात्र इथे राहत नाही," काकू शांतपणे म्हणाल्या.

मी त्यांच्या समोर, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, बाळ कडेवर घेऊन उभी होते.

"ती फोनवर रोज आईला सांगते, आमच्या भिंतीपलीकडे ऐकू येतं. मी इथे राहत नाही, दिवस काढतेय म्हणते. ही काय राहायची जागा आहे का म्हणते. मी कशाला खोटं सांगू, साहेब? आणि आई नाही तर बाळ कसं असेल?"

अधिकारी शिंकला आणि आम्हा दोघांवर काट मारली.

हे मी म्हणत होते, यात खोटं काही नव्हतं. नवऱ्याची बदली होईल, मग आपण निघू, हे मी लग्नाच्या दिवसापासून धरून चालले होते. या गावातल्या लोकांची अक्कल, त्यांची भांडणं, त्यांची पाटी, यांवर मी आईला फोनवर जे ऐकवायचे ते बरंच विनोदी असायचं, असं माझं मत होतं. काकूंना त्यातलं सगळं कळलं होतं आणि त्या एकदाही हसल्या नव्हत्या, हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

कार्यालयासमोर अधिकाऱ्याने आकडा सांगितला. दोनशे चौसष्ट. लोकांचे चेहरे पाहण्यासारखे होते. पश्चात्ताप वगैरे काही नाही. जो तो यात अमका नाही ना, याची खात्री करून घेत होता. शिंपी तर चांगलाच खुशीत होता. तेवढ्यात समोरच्या खोलीतून नर्सबाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, की मग लसींचा फ्रिज आज न्यायचा की उद्या गाडी येणार.

तेव्हा कुठे शिंप्याचं हसू मावळलं. फ्रिज दिसतो. गाव वस्ती झालेलं दिसत नाही.

अधिकाऱ्यालाही बहुतेक दया आली, किंवा त्याला परत यायचं नसेल. तो म्हणाला, शेजाऱ्याशी वैर असेल तर दुसऱ्या रहिवाशाची खात्री चालते, पण तो सगळ्यांशी बोलणारा पाहिजे. या गावात सगळ्यांशी बोलणारं कुणी आहे का?

लोकांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. मग एकेक मान माझ्याकडे वळली. मी नवी होते, भांडायला मला अजून वेळच मिळाला नव्हता.

"पण या तर राहत नाहीत," अधिकारी म्हणाला.

"राहते," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच परका वाटला. अधिकारी म्हणाला, आत्तापुरतं ऐकून घेतो, पण तुम्ही इथे राहता हे तुमच्या शेजारणीने मान्य केल्याशिवाय तुम्ही सांगितलेलं एकही माणूस धरणार नाही. बोला.

मग मी बोलले. बाळ पहाटे उठतं आणि खिडकीशिवाय कशाने गप्प बसत नाही, त्यामुळे या गावात कोण कोणत्या दारातून बाहेर पडतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. शिंप्याची मुलं मागच्या दाराने येतात, कारण पुढच्या दारात बाप घोरतो. कारकुनांचा भाऊ रोज सकाळी छपरावर व्यायाम करतो आणि कारकून खालून त्याला नावं ठेवतात. जो राहत नाही त्याला कुणी रोज नावं ठेवत नाही. मी घर सोडलं नाही, माणूस सोडलं नाही. कोण कुणाच्या पाळतीवर असतं, कोण कुणाच्या घरातून रडत निघतं, जे माणूस मोजायला लागेल ते सगळं सांगितलं. लोक आधी चकित झाले, मग अस्वस्थ, मग लाल.

"आणि अध्यक्ष?" अधिकाऱ्याने विचारलं.

अध्यक्षांनी पुढे होऊन हात जोडले. मी नर्सबाईंच्या दाराकडे बघितलं आणि खरं तेच सांगितलं, की अध्यक्षांची गाडी सकाळी शहराकडून येते आणि संध्याकाळी शहराकडे जाते. त्यांच्या इथल्या घरात कबुतरं राहतात. खोटं एक निघालं असतं तर माझं बाकीचं कोण ऐकणार होतं?

बाकीचे सगळे परत आले, पण अध्यक्षांच्या शब्दावर मी धरलेले त्यांच्या घरचे पाच गेले. दोनशे नव्याण्णव.

सगळे अध्यक्षांऐवजी माझ्याकडे रागाने बघायला लागले. काकूंची मुलगी कोपऱ्यात बादली घेऊन उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, मग काकूंकडे. काकूंना कळलं. त्यांनी अगदी बारीकशी मान हलवली, नको म्हणून. माझ्या खांद्यावर बाळ झोपलं होतं, त्याचा गरम श्वास मानेला लागत होता.

"काकूंची मुलगी इथे राहते," मी म्हटलं. "वर्ष झालं."

इतका वेळ एकमेकांची घरं पुसून टाकणारी माणसं जमिनीकडे बघत होती. अधिकाऱ्याने काकूंना विचारलं, खरं आहे का. काकूंनी पदर सावरला. आता या माझा सूड घेणार, मला वाटलं, आणि हक्काने घेणार.

"राहते," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि ही बया दिवसभर खिडकीतून सगळ्यांच्या घरात बघते. म्हणजे हीपण इथेच राहते. लिहून घ्या."

"चार दिवस संपले एकदाचे," मुलगी म्हणाली, बादली उचलली आणि घरी गेली.

तीनशे. अधिकाऱ्याने सही केली, शिंकला आणि पहिल्या बसने निघून गेला. आमचं गाव गाव राहिलं. कुणी माझे आभार मानले नाहीत. शिंपी माझं कापड घेत नाही. कारकून मला बघितलं की चष्मा काढतात. अध्यक्षांनी ओसरीवर यायचं सोडलं, तेवढा फायदा झाला. सासूबाई बोलतात, पण शिडीचा विषय मी का नाही काढला, यावर त्यांची नाराजी आहे. काकूंनी तर भिंतीकडची खिडकी बंद केली.

परवा बाळाला पुन्हा ताप चढला. या वेळी मी झाडासारखी उभी राहिले नाही, त्याला उचललं आणि पळाले. नर्सबाईंच्या बाकावर काकू बसलेल्या होत्या, रक्तदाब तपासायला. त्यांनी बाळाच्या कपाळाला हात लावला आणि बाकावरून उठल्या.

"बाळा, तुझ्या आईला सांग, आधी जा म्हणावं आत. आणि नंबर माझा होता, हेही सांग."

मी बाळाच्या कानात म्हटलं, की आजींना सांग, मुलीला विचारलंय म्हणून. काकूंनी बाळाला सांगितलं, की ती बरी आहे, पोटभर जेवते आहे. बाळ दोघींकडे लाल डोळ्यांनी बघत होतं.

नर्सबाईंनी त्याच्या काखेत थर्मामीटर लावला, आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, तुम्ही दोघी बोलत नाही का.

"नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो.